मिर्कानं केलेली डिस्कची वाटणी

हिनेक व्रझाल बहिणीच्या कचेरीत सहसा पाऊल टाकत नसे. त्यामुळे चेक देशातल्या ब्रनोमधल्या त्या काचेच्या इमारतीच्या खानावळीत तो भर जेवणाच्या वेळी तरातरा चालत आला, तेव्हा मिर्काच्या हातातला सूपचा चमचा हवेतच थांबला. हिनेकचे कान लालभडक झाले होते. लहानपणापासून त्याचा राग आधी कानांवर चढायचा आणि मग तोंडातून बाहेर पडायचा.

"ऊठ," तो म्हणाला.

"आधी बस तरी. सूप घे. आज कोबीचं आहे."

"सूप गेलं खड्ड्यात! तुझ्या त्या कर्नेलनं माझी अब्रू घालवली, मिर्के!"

मिर्काच्या शेजारी तिचा सहकारी श्टेफान बसला होता. हा झिलिनाचा, म्हणजे स्लोव्हाक. चेष्टा केल्याशिवाय याला अन्न पचत नसे. त्यानं पाव मोडता मोडता मान वर केली. "वा! कुणीतरी कर्नेलला नाव घेऊन शिव्या घालतंय. नाहीतर लोक बिचाऱ्या कीबोर्डलाच आपटतात."

हिनेक बसला आणि सूप न घेताच बोलू लागला.

तो एका छोट्या रेडिओ केंद्रात ध्वनिमुद्रण करायचा. आदल्या दिवशी स्टुडिओत आलोइस म्राझेक आले होते. सिंबाल या संतूरसारख्या वाद्याच्या तारांवर त्या दोन काठ्या नाचवणारं त्यांच्यासारखं दुसरं माणूस दक्षिण मोरावियात उरलं नव्हतं. उभा तालुका त्यांना आलोइसकाका म्हणे. काकांनी जीव ओतून वाजवलं, वाजवून झाल्यावर घाम पुसत सगळ्यांचे हात हातात घेतले, आणि ते बसनं घरी गेले. आणि मग हिनेकनं मुद्रण ऐकायला घेतलं, तर ऐन रंगात आलेल्या जागी कुरकुर, पुन्हा कुरकुर, आणि एका ठिकाणी तर सुरांचा तुकडाच गायब.

"संचालिकाबाई म्हणतात, तू केबलला पाय लावलास. मी! इतक्या वर्षांत माझा पाय कधी केबलला लागलेला नाही. त्या वेळी जुन्या टेपा उतरवून घेण्याचं काम त्याच संगणकावर चाललं होतं. डिस्कचा दिवा नुसता पेटलेला, मिटायलाच तयार नाही. त्यानं खाल्ला माझा आवाज."

"शक्यच नाही," मिर्का म्हणाली. "टेपांचं काम मी स्वतः कामांच्या वेगळ्या गटात टाकून दिलंय. त्या गटाला लिहिण्याच्या वेगाची मर्यादा घातली आहे. तो गट तुझ्या गटाच्या वाटेत येऊच शकत नाही."

"हो का? मग चल आणि त्या डिस्कला जाऊन सांग."

मिर्कानं सूप तसंच ठेवलं आणि कोट घेतला.

द्राहोमीरा हे तिचं पाळण्यातलं नाव, पण ते फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं. द्राक्षमळ्यांच्या गावात ती वाढली, शिकली, आणि मग जवळच्या कियोव गावातल्या एका शाळेत तिनं बरीच वर्षं गणित शिकवलं. दोन शाळांची एक झाली तेव्हा तिची जागा गेली. आईनं आठवडाभर डोळ्याला रुमाल लावला, मिर्कानं मात्र सुटीत हौसेनं शिकलेलं प्रोग्रॅमिंग बाहेर काढलं आणि ब्रनोची गाडी पकडली. तिथं तिला कर्नेल भेटलं. संगणकाच्या पोटात बसून मेमरी कुणाला, प्रोसेसर कुणाला, डिस्क कुणाला हे ठरवणारं ते मूळ तंत्र. जगभरातली माणसं ते मिळून लिहितात, एकमेकांच्या चुका काढतात, चारचौघांत भांडतात. मिर्काला हे वातावरण पाहताक्षणी आवडलं. तिच्या शाळेतल्या शिक्षकांच्या खोलीपेक्षा इथं भांडणं जास्त आणि मत्सर कमी होता. लग्न तिनं केलं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "राहून गेलं. मध्ये एक बग निघाला."

रेडिओ केंद्रात पोचल्यावर तिनं संगणकाला मोजमापाची साधनं लावली आणि टेपांचं काम पुन्हा सुरू करायला सांगितलं. आकडे पडद्यावर सरकू लागले. आधी ती गालात हसत होती. मग हसू मावळलं. मग ती पुढे झुकली, नाक पडद्याला लागेपर्यंत.

"काय झालं?" हिनेकनं विचारलं.

"तुझं खरं आहे."

"काय म्हणालीस? जरा मोठ्यानं म्हण, संचालिकाबाईंना ऐकू जाऊ दे."

"गप्प बस रे! इकडे बघ. टेपांचं काम 'लिही' म्हणतं, तेव्हा कर्नेल ते लगेच डिस्कवर नेत नाही. आधी मेमरीत ठेवतं. तिथून डिस्कवर नेण्याचं काम नंतर दुसरंच कुणीतरी करतं, कर्नेलचं स्वतःचं एक अंतर्गत काम. आणि मी मर्यादा घातली आहे ती टेपांच्या गटाला. ते अंतर्गत काम कुठल्याच गटात नाही!"

"म्हणजे?"

"म्हणजे टेपांच्या माणसानं सगळं सामान दुसऱ्याच्या डोक्यावर चढवलं आणि स्वतः मोकळ्या हातानं नाक्यावरून निघून गेला. नाक्यावरचा शिपाई त्याचीच झडती घेतोय."

हे तिला अगदीच नवं होतं असं नाही. या धंद्यातल्या सगळ्यांना ते अर्धंमुर्धं ठाऊक होतं, पण जो तो म्हणे की हे किचकट आहे, कुणीतरी कधीतरी करील. मिर्कानंही तेच म्हटलं होतं. आता तिच्या भावाच्या अब्रूवर आणि आलोइसकाकांच्या सुरांवर ते येऊन पडलं, तेव्हा मात्र तिच्या अंगात वारं शिरलं.

"टेपांचं काम थांबवता नाही येणार?" तिनं विचारलं.

हिनेकनं मान हलवली. त्या टेपा जुन्या, एकमेकींना चिकटलेल्या. हलक्या आचेवर तापवल्या की थोडे दिवस सुट्या होतात, तेवढ्यात उतरवून घ्याव्या लागतात, नाहीतर त्या कायमच्या गेल्या. दुसरा संगणक घ्यायचं नाव काढलं की संचालिकाबाई छताकडे बघायच्या.

"मग वाटणीच नीट करावी लागेल," मिर्का म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "हिनेक, मला हे काम मिळालं! कित्येक वर्षांत इतकं छान काही बिघडलं नव्हतं!"

"तुझ्या डोक्यावर परिणाम झालाय," हिनेक म्हणाला.

पुढचे कित्येक आठवडे मिर्का भेटेल त्याच्याशी फक्त पानांबद्दल बोलायची. पान म्हणजे मेमरीचा लहानसा तुकडा. ज्या पानावर कुणी नवं काही लिहिलंय आणि जे अजून डिस्कवर गेलेलं नाही, त्याला ही मंडळी मळकं पान म्हणतात. मिर्काचा बेत सरळ होता. जो गट पान मळवील, त्याचा शिक्का त्या पानावर मारायचा. प्रत्येक गटाच्या मळक्या पानांची रांग वेगळी लावायची. मग ती डिस्कवर कुणीही नेवोत, हिशेब शिक्का ज्याचा त्याच्या नावावर.

सांगायला सरळ, करायला मात्र घाम काढणारं. एकच पान दोन गटांनी मळवलं तर? गट बंद झाला आणि त्याची पानं मागे राहिली तर? श्टेफान तिच्या मागे उभा राहून एकेक 'तर' काढायचा आणि मिर्का तो निस्तरायची.

"तू मला मदत करतोस की छळतोस?"

"बाई, मी प्रेमानं छळतोय. बाहेरचे लोक प्रेमाशिवाय छळतील."

काम उभं राहिलं. तिनं ते जगभरच्या मंडळींना वाचायला पाठवलं, आणि उत्तराची वाट न पाहताच रेडिओ केंद्र गाठलं. हिनेकनं स्टुडिओत जुनाच एक कार्यक्रम मोठ्यानं लावला आणि त्याचं मुद्रण सुरू केलं. बाजूला टेपांचं काम सोडलं. मिर्कानं हाताची घडी घातली. डिस्कचा दिवा आता मापात लुकलुकत होता. टेपांचा गट मर्यादेत राहिला होता. ती विजयी मुद्रेनं वळणार, तोच हिनेक हेडफोन काढून तिच्याकडे बघू लागला.

"मिर्के, पूर्वी कुरकुर होती."

"आणि आता?"

"आता काहीच नाही. आवाजच बंद. प्रगती आहे!"

मुद्रणाचं काम पूर्ण अडकलं होतं. वाट बघत बसलं होतं, आणि बराच वेळ बसलं होतं. तिनं बांधून ठेवलं होतं टेपांना, आणि जखडला गेला होता हिनेक.

मिर्का ट्रामनं कचेरीत परत आली ती खिडकीबाहेर न बघता. कुठलंही काम अडकलं की कर्नेलच्या आत ते नेमकं कुठं उभं आहे हे बघता येतं; कोण कुणाला थांबलंय याची साखळी मिळते. तिनं आणि श्टेफाननं सोबत आणलेल्या नोंदी पडद्यावर पसरल्या. मुद्रण थांबलं होतं जर्नलपाशी.

डिस्कवरची फाइल वाढली की कुठं वाढली, किती वाढली, ते डिस्कवरचा कारभार बघणारी फाइल-सिस्टिम आधी आपल्या जर्नलमध्ये, म्हणजे रोजनिशीत, मांडते, म्हणजे मध्येच वीज गेली तरी घोळ होत नाही. हे जर्नल सगळ्या गटांचं मिळून एकच. आत शिरलेला प्रत्येक जण बाहेर पडल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

"मग आत कोण आहे?" श्टेफान म्हणाला.

मिर्का बोट फिरवत खाली गेली. "टेपांचं काम. आत शिरलंय, आणि... झोपलंय! जर्नल उघडं ठेवून झोपलंय!"

"त्याला झोपवलं कुणी?"

मिर्कानं दोन्ही हात डोक्यावर ठेवले आणि अशी ओरडली की पलीकडच्या खोलीतली माणसं धावत आली. "मी! मी झोपवलं! मर्यादा ओलांडली म्हणून मीच त्याला थांबवलं, आणि नेमकं जर्नलच्या आत थांबवलं! तो आत घोरतोय आणि हिनेक दारात उभा आहे!"

ती टेबलाभोवती फेऱ्या मारू लागली. चूक सापडल्यावर माणसाला वाईट वाटावं, पण हिला पंख फुटले होते. श्टेफाननं जमलेल्या मंडळींना सांगितलं, "काही नाही, काही नाही. इंजिनियरबाईंना स्वतःची चूक सापडली. आनंदाचा प्रसंग आहे."

त्याच दिवशी उत्तर आलं. ती फाइल-सिस्टिम सांभाळणारा माणूस डेन्मार्कचा, आन्सगार थोर्सन. फटकळ म्हणून ख्याती. त्यानं सगळ्या जगासमोर लिहिलं होतं: 'हे ज्या व्यक्तीनं लिहिलं, तिनं माझ्या जर्नलच्या आत लोकांना झोपवायची सोय केली आहे. अशा व्यक्तीला डिस्कच्या जवळ फिरकू देऊ नये.'

श्टेफानला वाटलं, आता बाई कोसळणार. मिर्कानं ते वाचलं आणि टाळी वाजवली. "बघ! बघ! त्यानं नुसतं वाचून ओळखलं! आपल्याला चालवून बघावं लागलं. काय माणूस आहे!" आणि तिनं लगेच लिहिलं: 'आपलं म्हणणं शंभर टक्के बरोबर आहे. ती व्यक्ती मीच. आपण पुढच्या महिन्यात कर्नेलच्या मेळाव्यासाठी ब्रनोला येता आहात ना? बिअर माझ्याकडून.'

दरम्यान तिनं एक सोपा उपाय करून पाहिला. जर्नलशी संबंध असलेल्या कुणालाच अडवायचं नाही. हिनेकचा आवाज सुटला खरा, पण टेपांचं काम प्रत्येक गाण्याच्या असंख्य बारीक फाइली करायचं. त्याचं अर्धं लिहिणं जर्नलमधूनच जायचं. मोकळी वाट मिळाल्यावर ते असं उधळलं की पुन्हा कुरकुर सुरू. अडवावं तर सगळे अडकतात, सोडावं तर एकटा सगळं खातो. मिर्काची भूक मेली. आईचा फोन आला तरी ती "हो, हो, जेवले" म्हणून ठेवून द्यायची.

मेळाव्याच्या दुपारी आन्सगार थोर्सन भेटला. हा उंचच उंच म्हातारा, भुवया पांढऱ्या, आवाज मात्र पोरासारखा. बिअरबागेतल्या बाकावर तो मिर्कासमोर बसला, आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या सॉसेजकडे संशयानं पाहू लागला.

"खा, काही होत नाही," मिर्का म्हणाली.

"तुमच्यावर विश्वास ठेवायचा? तुम्ही माझ्या जर्नलचं काय केलंत ते बघितलंय मी."

"त्याबद्दलच बोलू. एक जण डिस्क खात सुटलाय. त्याला कुठंतरी थांबवायला हवं की नको?"

"थांबवा ना! मी कुठं नाही म्हणतो? फक्त माझ्या घरात नाही."

"पण तो सारखा तुमच्याच घरात असतो! बाहेर गाठायला जावं तर पुन्हा आत."

"ते तुमचं दुखणं." आन्सगारनं सॉसेजचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मोठे केले, आणि दुसरा तुकडा घेतला. "हे बघा, बाई. माझा नियम साधा आहे. आत यायचं, काम उरकायचं, दार लावून निघायचं. आत कुणी थांबायचं नाही, कुणाला थांबवायचं नाही. तो बाहेर गेल्यावर त्याला झाडाला बांधा, उलटा टांगा, मला काय?"

मिर्का त्याच्याकडे टक लावून बघत राहिली. "बाहेर म्हणजे कुठं?"

"बाहेर म्हणजे बाहेर! कर्नेलच्या बाहेर. आपल्या प्रोग्रॅमकडे परत जाईल तेव्हा."

"म्हणजे कर्नेलमधून पाय काढताना."

"हो. तेव्हा त्याच्या हातात काही नसतं. ना जर्नल, ना कुठलं कुलूप. तेव्हा तो..." आन्सगार मध्येच थांबला. त्याचा काटा खाली आला.

"तेव्हा तो कितीही वेळ झोपला तरी कुणाचं काही अडत नाही!" मिर्का उभी राहिली. बाकाला धक्का बसून बिअर सांडली. "जर्नलमध्ये असेल तेव्हा त्याला जाऊ द्यायचं! हवं तेवढं लिहू द्यायचं! फक्त किती जास्त लिहिलं ते त्याच्या गटाच्या नावावर लक्षात ठेवायचं. आणि कर्नेलमधून बाहेर पडताना, अगदी दारात, म्हणायचं: थांब बाबा, आता तू इतका वेळ इथं बस!"

"आणि तेवढा दम खाल्ल्याशिवाय तो पुन्हा आत येऊच शकणार नाही," आन्सगार हळूच म्हणाला. मग तोही उभा राहिला. आसपासचे लोक बघत होते. दोन वयस्क माणसं सांडलेल्या बिअरवर हातवारे करत एकमेकांवर ओरडत होती, आणि भांडत नव्हती.

"झोपेतून उठवायचं कधी?"

"जितकं जास्त खाल्लं तितकं उशिरा!"

"आणि त्याची वाट बघणारा दुसरा कुणी असेल तर?"

"असणारच नाही! हात मोकळे आहेत त्याचे!"

"लिहा," आन्सगार म्हणाला. "उद्याच्या उद्या लिहा. मी वाचतो. आणि हे सॉसेज आणखी मागवा."

ते काही एका रात्रीच्या जादूनं लिहून झालं नाही. चांगली मेहनत लागली. आन्सगारनं तीनदा परत पाठवलं. प्रत्येक वेळी शिव्या थोड्या कमी आणि सूचना थोड्या जास्त. शेवटी हिनेकच्या संगणकावर चाचणी झाली तेव्हा तो हेडफोन लावून बसला, डोळे मिटून बसला. मिर्कानं त्याच्या खांद्याला धक्का दिला.

"काय झालं? पुन्हा बंद पडला?"

"गप्प गं! ऐकतोय."

आता उरले होते आलोइसकाका. हिनेक एकटा जायला धजेना, म्हणून दोघं बहीणभाऊ गाडी काढून गावी गेले. काका अंगणात द्राक्षांच्या टोपल्या धूत बसले होते. त्यांच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. हिवाळ्यात शस्त्रक्रिया ठरली होती, आणि त्यानंतर हात पूर्वीसारखा चालेल की नाही, हे डॉक्टर सांगत नव्हते.

"पुन्हा वाजवू?" हिनेकचं मागणं ऐकून काका म्हणाले. "मी वाजवलं ते बरोबर वाजवलं होतं. यंत्राला सांगा पुन्हा वाजवायला."

"काका, चूक हिनेकची नव्हती," मिर्का म्हणाली. "केबलची नव्हती. ज्या कर्नेलवर मी काम करते, त्याची होती. टेपांच्या कामानं तुमचा सूर खाल्ला."

"कुठल्या टेपा?"

हिनेकनं सांगितलं. गावोगावची गाणी, पन्नासेक वर्षांपूर्वी रेडिओच्या लोकांनी फिरून घेतलेली. काकांचे हात टोपलीत थांबले.

"आमच्या गावाला पण आले होते ते. त्या वेळी माझा बाप गायला होता. निळा कोट घालून गेला होता, आवाज मुद्रित होणार म्हणून. मी हसलो होतो त्याला." ते हिनेककडे वळले. "त्या टेपा थांबवायच्या नाहीत हं. माझ्यासाठी तर मुळीच नाही."

"नाही थांबवणार," मिर्का म्हणाली. "तुम्ही वाजवाल तेव्हाही चालूच राहतील."

"आणि पुन्हा खाल्लं तर?"

हिनेकनं बहिणीकडे पाहिलं. तिनं मान ताठ केली. "नाही खाणार."

"तुझ्या बापासारखीच आहेस. तोही असाच ठासून सांगायचा. त्याचंही कधी कधी खरं निघायचं." काका उठले. "बरं. मनगट दुखायच्या आत उरकू."

मुद्रणाच्या दिवशी सकाळी स्टुडिओच्या काचेमागे मिर्का, हिनेक आणि श्टेफान बसले होते. संचालिकाबाई दारात हाताची घडी घालून उभ्या होत्या. पलीकडच्या खोलीत तापवलेल्या टेपा फिरत होत्या, सगळी यंत्रं एकदम. काकांनी मनगटाचा पट्टा सोडला, काठ्यांना कापूस नीट गुंडाळलाय का ते पाहिलं, आणि सुरुवात केली.

मिर्कासमोर पडद्यावर दोन रेषा होत्या. एक टेपांच्या लिहिण्याची, दुसरी हिनेकच्या मुद्रणाला वाट बघावी लागते तिची. पहिली वर-खाली उड्या मारत होती. दुसरी जमिनीला चिकटून सपाट.

काकांनी लय वाढवली. आधीच्या वेळी कुरकुर झाली होती तीच जागा जवळ येत होती. नेमक्या त्याच वेळी बाजूच्या खोलीत बऱ्याच टेपा एकत्र संपल्या आणि त्यांच्या फाइली डिस्कवर कोसळल्या. पहिली रेषा टणकन वर गेली.

"मिर्के," हिनेक ओठांतल्या ओठांत म्हणाला.

"दिसतंय."

तिनं खुर्चीचे हात घट्ट धरले. पहिली रेषा शिखरावर थरथरली, आणि मग कुणीतरी खांद्यावर हात ठेवावा तशी खाली आली. टेपांची कामं एकामागून एक थांबत होती, दारात, हात मोकळे ठेवून. दुसरी रेषा हललीही नाही. काचेपलीकडे काकांच्या काठ्या दिसेनाशा झाल्या होत्या, नुसती धूसर हालचाल, आणि तारांमधून असा काही सूर उठला की संचालिकाबाईंची हाताची घडी सुटली.

श्टेफान पहिल्यांदाच चेष्टा करायला विसरला. मिर्काच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ती हसतही होती. ओरडावंसं वाटत होतं, पण मुद्रण चालू होतं, म्हणून तिनं श्टेफानचा दंड इतका आवळला की त्यावर वळ उठले.

शेवटचा सूर विरला. काकांनी काठ्या ठेवल्या आणि काचेकडे पाहिलं. "काय? झालं? की पुन्हा खाल्लं?"

हिनेकनं सगळं मागे नेऊन ऐकलं, घाईनं नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मग त्यानं हेडफोन काढून काकांच्याच कानाला लावले. काका उभ्या उभ्या ऐकत राहिले, दुखऱ्या मनगटावर डावा हात ठेवून. "हं," ते म्हणाले. "हा म्हातारा बरा वाजवतो."

संचालिकाबाई हिनेकपाशी आल्या. "केबलबद्दल मी बोलले ते..."

"राहू द्या, बाई," हिनेक म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते, आणि या खेपेला रागानं नाही. मग काकांना घेऊन तो पलीकडच्या खोलीत गेला, जिथं उतरवलेल्या टेपांमधून त्यांच्या गावचं नाव असलेली फाइल निघाली होती. दार लोटलं गेलं. आतून एका पुरुषाचा गाण्याचा आवाज येऊ लागला, खणखणीत, जरा जास्तच मोठा, जसा निळा कोट घातलेला माणूस गाईल तसा. बाकी कुणी आत गेलं नाही.

मिर्का केंद्राच्या अंगणात आली. कुणीतरी त्या वर्षीची अर्धवट आंबलेली बुर्चाक वाइन आणली होती, ढगाळ, गोड, बुडबुडे येणारी. पहिला घोट घेताना तिचा फोन वाजला. आन्सगारनं सगळ्या जगासमोर लिहिलं होतं: 'काम स्वीकारलं. ही व्यक्ती आता डिस्कच्या जवळच राहावी. डिस्कवर लिहिण्याच्या वाटणीचा भाग तिनंच सांभाळावा अशी माझी सूचना आहे. तिची तयारी असेल तर.'

"काय लिहिणार?" श्टेफाननं विचारलं. "विचार करून सांगते?"

"वेडा आहेस का?" मिर्कानं ग्लास त्याच्या हातात दिला आणि दोन्ही अंगठ्यांनी लिहिलं: 'हो.'

आठवडाही उलटला नसेल, तोच थेस्सालोनिकीहून कुणा अनोळखी माणसाचा निरोप आला. तुमच्या नव्या वाटणीनं माझ्या ईमेलच्या सर्व्हरचा पार बोजवारा उडालाय, असं त्यानं भयंकर संतापून लिहिलं होतं. मिर्कानं ते दोनदा वाचलं, खुर्ची पुढे ओढली आणि श्टेफानला हाक मारली. "अरे, लवकर ये! असलं काही मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं!"